उरलेला आवाज

आनंदाची बातमी आधी कोणाला सांगायची हे ज्याला बसून ठरवावं लागतं, त्याचं काही खरं नाही. सुचिता पिंपळशेंडेला त्या बुधवारी दुपारी ते ठरवावं लागलं.

पुण्याजवळच्या एका कंपनीत ती नोकरीला होती. अवजड यंत्रं थंड कशी ठेवायची आणि तसं करताना त्यांचा आवाज कसा आवरायचा, हे तिचं काम. तिने उभी केलेली ‘निवांत’ ही प्रणाली त्या दिवशी परदेशातल्या दोन खाणींनी विकत घेतली. तिच्या साहेबांनी, रेगे सरांनी, सगळ्यांना गोळा केलं, पेढे वाटले, चार शब्द बोलले. लोकांनी हात मिळवले आणि पेढा संपायच्या आत आपापल्या संगणकापुढे जाऊन बसले. सुचिताने फोन काढून नावं खालीवर केली. जवळची मैत्रीण कॅनडात, तिथे मध्यरात्र. घटस्फोट झालेल्या नवऱ्याचा नंबर अजून होता, तो काढून टाकायचाही कंटाळा केलेला. राहिले बाबा. त्यांना फोन करायचा तो रविवारी, हे दोघांचं न बोलता ठरलेलं. आज वार मोडायचा तिने विचार केला.

फोन लागेपर्यंत निवांतबद्दल सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

खाणीतले डंपर बॅटरीवर चालू लागले तेव्हा लोकांना वाटलं, चला, कटकट मिटली. इंजिनाची घरघर गेली खरी, पण इतकी वर्षं तिच्याखाली दबलेला दुसरा आवाज मोकळा सुटला. तो पंख्यांचा. दुमजली घराएवढ्या डंपरची बॅटरी आणि मोटारी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात थंड ठेवायच्या, तर माणसाच्या उंचीचे पंखे जिवाच्या आकांताने फिरवावे लागतात. प्रत्येक पातं हवा कापतं, कापताना हवेला एक धक्का देतं, आणि सेकंदाला असे शेकडो धक्के आले की त्यांचा एक सूर होतो. कानात घुसणारा, डोकं उठवणारा सूर. खाणींजवळच्या गावांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले होते.

सुचिता यंत्र बनण्याआधी ते संगणकात बनवायची. पंख्याभोवतीची हवा कोट्यवधी बारीक तुकड्यांत कापायची, प्रत्येक तुकड्यातला वारा कुठून येतो, कुठे वळतो, कुठे भोवरा धरतो याचं गणित संगणकाकडून करून घ्यायची आणि त्या भोवऱ्यांतून निघणारा आवाज हेडफोन लावून ऐकायची. पंखा अजून कारखान्यात ओतलेलाही नसायचा, पण तो उद्या कसा ओरडेल ते तिला आज ऐकू यायचं. पात्यांचा आकार बदलून, जाळ्या हलवून तिने आवाज बराच उतरवला. तरी हवा ढकलायची म्हटली की थोडा आवाज येणारच. मग तिने वेगळी वाट धरली. खाणीतले सगळे पंखे बिनतारी जोडून एका संगणकाच्या ताब्यात दिले. एका पंख्याच्या आवाजाच्या लाटेचा उंचवटा जिथे पोचतो, तिथेच दुसऱ्याच्या लाटेचा खळगा पोचवला की दोन्ही मिटतात आणि तेवढ्या जागी शांतता होते. ही शांतता कुठे हवी ते सांगण्यासाठी नकाशावर ‘ऐकणारे बिंदू’ मांडायचे. जिथे माणूस राहतो तिथे एक बिंदू. डंपर फिरत राहोत, वारा बदलत राहो, संगणक क्षणोक्षणी नवा हिशेब करून त्या बिंदूंवरची शांतता धरून ठेवायचा.

फक्त एक गोष्ट होती. आवाज नाहीसा होत नाही. अंगण झाडताना केर कुंपणापलीकडे लोटावा तसा तो बिंदू नसलेल्या जागी लोटला जातो. सुचिताच्या गटात त्याला उरलेला आवाज म्हणत, आणि त्याच्यासाठी एखादी ओसाड जागा शोधणं हे प्रत्येक खाणीतलं पहिलं काम असे.

निवांत पहिल्यांदा बसवली ती सावरबोडीच्या खाणीत. सावरबोडी हे सुचिताचं गाव. खाण वाढत वाढत गावापर्यंत आली तेव्हा गाव उठवून हमरस्त्याच्या पलीकडे नेलं गेलं, एकसारख्या घरांची नवी सावरबोडी झाली, आणि जुनी सावरबोडी खाणीच्या काठावर पडून राहिली. उरलेल्या आवाजाला तीच जागा सोयीची होती. तरी सुचिता काळजी घेणारी पोर. नकाशावर त्या जागेपुढे ‘माणसं: शून्य’ असं लिहिण्याआधी तिने बाबांना फोन करून विचारलं होतं, की तिकडे आता कोणी जात नाही ना. डोमाजी पिंपळशेंडे म्हणाले, कोण जाते तिकडे, काय रायलं तिथं. सुचिताने शून्य लिहिलं. गंमत अशी की त्याच्या आधीच्या दिवाळीत तिने बाबांना फैलावर घेतलं होतं, खाणीची कड ढासळते, तिकडे पाऊल टाकायचं नाही म्हणून. तिने विचारलं इंजिनियर म्हणून. त्यांनी उत्तर दिलं ते लेकीची बोलणी टाळणाऱ्या बापाचं. दोघांनाही यात काही चुकलं असं वाटलं नाही.

फोन उशिरा उचलला गेला. बाबांचा फोन जुना, बटणांचा. नवा फोन सुचिताने पाठवला होता, तो कपाटात खोक्यात होता.

तिने बातमी सांगितली. बाबा म्हणाले, काय? तिने पुन्हा सांगितली. बाबा पुन्हा म्हणाले, काय? तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं. बाबांना मग कळलं की मशीन परदेशी चाललं. चांगलं झालं, माय, असं म्हणून ते थांबले, आणि त्या थांबण्यात सुचिताला मागचा आवाज ऐकू आला.

एक सूर. हळूहळू चढत जाणारा, वर गेल्यावर थरथरणारा आणि मग उतरणारा. पुन्हा चढणारा.

“बाबा, कुठे आहात?”

“समाजमंदिरात. पत्ते खेळून रायलो.”

“कोण कोण आहे?”

“हाय ना, ताराचंद हाय. सारेच हायेत.”

सुचिताने बरं म्हणून फोन ठेवला. हा सूर तिने एकदाच ऐकला होता. शून्य लिहिलेल्या जागी उरलेला आवाज कसा येईल, हे गंमत म्हणून तिने संगणकाकडून ऐकून घेतलं होतं, आणि कानाला त्रास झाला म्हणून लगेच आवाजाचं बटण खाली केलं होतं. साऱ्या पृथ्वीवर तो एकाच जागी होता. वर्षभरातले सगळे रविवार तिला आठवले. बाबा दर वाक्याला ‘काय?’ म्हणत होते आणि ती जुन्या फोनला शिव्या घालत होती.  समोर पेढ्याचा कागद पडला होता, तो तिने उगीच घडी करून ठेवला.

रेगे सर वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाला की बिंदू वाढवला तर हिशेब बिघडेल. तो आवाज लोटायला दुसरी ओसाड जागा त्या खाणीच्या आसपास नाही. मग दुपारी पंखे मंद करावे लागतील, मंद केले तर बॅटऱ्या तापतील, डंपर ऊन उतरेपर्यंत उभे ठेवावे लागतील, आणि खाणवाले ते ऐकणार नाहीत. शिवाय तिथे राहतं कोणीच नाही. वडिलांना जाऊ नका म्हणून सांग, हा त्याचा सल्ला. तारेचं कुंपण लागलं तर तेही करून देऊ, असंही तो म्हणाला. सुचिताला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, आणि बाबांना रागावून गप्प करणं तिला नेहमीच जमत आलं होतं.

त्याच आठवड्यात ती गावी गेली. नव्या सावरबोडीत तिला सगळे ओळखत. निवांत सुरू झाली तेव्हा याच समाजमंदिरात तिला शाल-श्रीफळ मिळालं होतं. आज तिथे ताराचंदकाका एकटेच पत्ते मांडून बसले होते. बाबा कुठे म्हणून विचारल्यावर त्यांना नवल वाटलं.

“डोमाजी कुठं येते इथं? तुह्या मशिनी लागल्या तवापासून आला नाही. डबा घेते न् जाते. तुले माईत नाही?”

तिला माहीत नव्हतं. वस्तीतून चालताना तिच्या लक्षात आलं की इथे खरोखर शांत आहे. कुकरची शिट्टी ऐकू येत होती, कोणाच्या तरी घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येत होतं. हे तिने केलं होतं. मागच्या खेपेला याचा तिला फार अभिमान वाटला होता.

जुन्या गावाची वाट झाडोऱ्यात गेली होती. गावाबाहेरची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आटून भेगाळलेली. बोडीची पाळ चढून ती वर आली आणि आवाजात शिरली. हेडफोनमध्ये ऐकलं होतं ते काहीच नव्हतं. इथे तो कानांत नव्हता, दातांत होता, बरगड्यांत होता, आणि खाली करायला बटण नव्हतं. तिने दोन्ही कानांवर हात दाबले आणि तशीच पुढे गेली.

घरं बुलडोझरने पाडलेली. त्यांच्या घराचा ओटा तेवढा शिल्लक होता आणि त्यावर सावली धरणारं मोहाचं झाड. याच ओट्यावर तिचं बालपण गेलं. जमिनीच्या बदल्यात बाबांना खाणीत डंपरवर नोकरी मिळाली होती. डंपरचा रस्ता गावाजवळून जायचा, आणि गावातल्या चालकांचा रिवाज असा, की आपल्या घरासमोरून जाताना दोन छोटे हॉर्न द्यायचे. घरच्यांनी समजायचं की आपला माणूस धडधाकट आहे, पाळी संपली की येईल. सुचिता शाळेतून आली की ओट्यावर बसून बाबांच्या हॉर्नची वाट बघायची. कधी बाबांना दुसऱ्या बाजूला काम असायचं, हॉर्न वाजायचाच नाही. तरी ती धावत आत जाऊन सांगायची, आई, बाबा गेले. आई भाकरी थापता थापता कान न देता म्हणायची, हो गं, गेले. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

बाबा झाडाला टेकून बसले होते, डोक्याला दुपट्टा, मांडीवर डबा. तिने मागून हाक मारली. पुन्हा मारली, होता तेवढा जोर लावून. ते खाणीकडे बघत बसले होते, मान संथ हलत होती. शेवटी तिने खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले, आणि तिला पाहून चोरी पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा पडला.

बोलणं तिथे शक्य नव्हतं. ती त्यांना हाताला धरून पाळीखाली, कोरड्या बोडीत घेऊन आली. तिथे आवाज थोडा डोक्यावरून जात होता. मग तिने मनात योजलेलं सगळं सुनावलं. खोटं का बोललात, समाजमंदिर काय, पत्ते काय, कान गेले तर कोण बघणार. बाबांना त्यातलं निम्मं ऐकू आलं असेल. ते खाली बघत पायाच्या अंगठ्याने मातीची खपली उकरत राहिले.

“तिकडं काहीच ऐकू येत नाही,” ते शेवटी म्हणाले. “खाण चालू हाय का बंद, समजत नाही. जन्म गेला माह्या त्या आवाजात. मंग एक दिवस इकडं आलो तं हे ऐकू आलं. सायबाले विचारलं, हे कायचं? तो म्हणे, तुह्या पोरीच्याच पंख्याचं.”

सुचिता त्यांच्यासमोर मातीत खाली बसली.

“तू लहान होती तवा ओट्यावर बसून माह्या हॉर्न ऐके. आता मी तुह्या ऐकतो. आपली पोरगी कामावर हाय, चांगली हाय, एवढं समजते. रविवार लय दूर रायते, माय.”

त्यांनी तक्रार केली नव्हती. पाणी नाही, ऊन आहे, अशा सुरात सांगितलं होतं. सुचिताला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. पुण्याच्या त्या बंद काचांच्या घरात ती रोज संध्याकाळी फ्रिजची घरघर ऐकत जेवायची. बाबांना फोन करावासा वाटला तर त्यांना उगीच त्रास नको म्हणून रविवारची वाट बघायची. दोघंही एकमेकांचा त्रास वाचवत राहिले आणि आवाज इथे साचत गेला.

चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. वरचे सूर गेलेत, ते परत येणार नाहीत, म्हणाल्या. अजून काही महिने त्या आवाजात बसले तर माणसाचं बोलणंही जाईल. कानात काही वाजतं का, असं त्यांनी बाबांना मोठ्याने विचारलं. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी सुचिताला सांगितलं की कधी कधी असं होतं, जो सूर ऐकून कान बिघडला, तोच सूर मग मेंदू आपल्या आपण वाजवत राहतो. तसं असेल तर त्यावर औषध नाही. सुचिताने मान डोलावली. त्या वेळी तिच्या डोक्यात दुसराच हिशेब चालला होता.

कुंपण घातलं तर बाबा वस्तीतल्या शांततेत बसून राहतील, आणि एक दिवस तार वाकवून आत जातील, कारण त्यांना ती चांगली ओळखत होती. आवाज बंद केला तर कान वाचतील, पण ज्यासाठी ते रोज डबा बांधून निघतात तेच ती काढून घेईल. दोन्हीकडून हिरावून घेणारी तीच होती. निदान कान राहिले तर आपला फोन तरी ऐकतील, रोज करू, असं तिने ठरवलं.

पुण्याला परतून तिने नकाशावर बिंदू मांडला. रेगेने विचारलं, तिथे कोण राहतं, काय लिहिणार? ती म्हणाली, एक माणूस रोज सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो, मी माझ्या घरात तेवढीसुद्धा राहत नाही.  मग खाणवाल्यांशी रेगेच बोलला, घासाघीस झाली, दुपारी डंपर थोडा वेळ उभे करायला ते कुरकुरत तयार झाले. परदेशातल्या खाणींचं काम मात्र दुसऱ्याकडे गेलं. हिशेबापेक्षा घरचं माणूस पुढे आणणाऱ्या इंजिनियरला एवढं मोठं काम कोणी देत नाही, आणि सुचितालाही त्यात फारसा अन्याय वाटला नाही.

नवा हिशेब सुरू व्हायचा त्या दिवशी ती सावरबोडीत होती. काय होणार ते तिने बाबांना आदल्या संध्याकाळीच सांगितलं, जवळ बसून, सावकाश, ओठ दिसतील असं.  बाबा म्हणाले, तुले बरं वाटते तसं कर. सकाळी त्यांनी नेहमीसारखा डबा बांधला. दोघांपुरता बांधला.

ओट्यावर ती त्यांच्याशेजारी बसली, कानांत बोळे घालून. खाणीत डंपर रांगेने चढत होते. दुपारचं ऊन तापलं तेव्हा आवाज एकदा चढला, थरथरला, आणि उतरता उतरता मधेच विरून गेला. तिने बोळे काढले. मोहाची पानं हलत होती ती ऐकू आली. बोडीकडे टिटवी ओरडली. खाण समोर चालू होती आणि तिचा एक शब्द इथवर येत नव्हता. तिचं काम इतकं चोख झालं होतं की त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तिला बाबांकडे बघायचा धीर होईना.

बघितलं तेव्हा बाबांची मान संथ हलत होती, आवाज चालू असताना हलायची तशीच.

“बाबा, बंद झाला,” ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

“काय?”

“आवाज. बंद झाला.”

“कोण म्हणते?” बाबा हसले. “येऊन रायला की. आताशा तं घरी बी येते. निजलो का येते. म्हटलं, पोरीच्या मशिनीचा जोर वाढला.”

सुचिताला डॉक्टरीणबाईंची काचेची खोली आठवली. कानात वाजतं का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि बाबांनी खरं तेच सांगितलं होतं. त्यांच्या लेखी ते कानात वाजत नव्हतं, खाणीत वाजत होतं. ती ते बंद करू शकत नव्हती. तिथे बिंदू मांडायला जागा नव्हती. बाबांना सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ऊन झाडाच्या सावलीतून पायांवर आलं होतं. तिने कान देऊन पुन्हा ऐकलं. पानं, टिटवी, बाकी काही नाही.

बाबांनी डबा उघडला, भाकरीचा अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि खाणीतून चढणाऱ्या एका डंपरकडे बोट केलं.

“हा गेला, पाह्य. भरलेला होता.”

“हो बाबा, गेला,” ती म्हणाली.

“काय?”

“गेला,” ती मोठ्याने म्हणाली. “ऐकला मी.”